काचेआतला फुलोरा

काचेवर आतून लिहायचं तर उलटं लिहावं लागतं. बाहेरून लिहिलं की येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात लागतात, एखादी अवकाळी सर आली की अक्षरं ओघळतात. म्हणून पेंटरकाका शोकेसच्या आत, पुस्तकं काढून रिकाम्या केलेल्या त्या दोन हात खोल जागेत उकिडवे बसायचे आणि 'दिवाळी अंक आले' हे शब्द उजवीकडून डावीकडे लिहीत जायचे. आधी खडू लावलेली सुतळी काचेवर ताणून मारलेली रेघ. रेघेवर शिरोरेषा. मग काने, मग अक्षरांची पोटं, सगळ्यात शेवटी वेलांट्या. आतून बघणाऱ्याला 'दि'ची वेलांटी 'दी'ची दिसायची आणि दुकानाचे मालक दर वर्षी गल्ल्यावरूनच ओरडायचे, "पेंटर, ऱ्हस्व-दीर्घ बघा की जरा!" काका मान न वळवता म्हणायचे, "तुम्ही रस्त्यावर जाऊन बघा, मालक." मी रस्त्यावरच असायचो. मला ते सरळ दिसत होतं.

ही नांदेडच्या वजिराबादेतली गोष्ट. सत्तरचं दशक संपत आलेलं, मी सातवीत. गावात सगळे त्यांना 'पेंटर' एवढंच म्हणत. ब्रश धरायला ते एका कातिबाकडे शिकले होते. निजामाच्या राज्यात उर्दू पुस्तकं बहुतेक शिळाप्रेसवर छापली जात. कातिब बोरूनं अख्खं पान लिहायचा, ते दगडावर उतरवायचं आणि मग छापायचं. त्यामुळं उर्दू पुस्तकाचं प्रत्येक अक्षर कुणाच्या तरी हातचं असे. काकांचे उस्ताद पोटासाठी दुकानांच्या पाट्याही लिहीत. त्यांचा हात जन्मभर उजवीकडून डावीकडे चाललेला, आणि चेल्यालाही तेच वळण लागलं. पुढं काचेच्या आतून मराठी लिहायची वेळ आली तेव्हा काकांना ती देवनागरी उलटी वाटलीच नाही. नांदेडच्या मराठी पुस्तकांच्या दुकानाची काच अशी उर्दूच्या हातानं लिहिली गेली, याची नोंद कुठं झाली असेल असं वाटत नाही, म्हणून मुद्दाम इथं करतो.

मुंबईत या कामाला 'डिस्प्ले आर्टिस्ट' म्हणत. नांदेड-लातुरात हा शब्द कुणी वापरल्याचं मी ऐकलं नाही. मालकांच्या वहीत त्या खर्चापुढं 'शोकेस सजावट' लिहिलेलं असे, आणि काका स्वतः म्हणायचे 'मांडणी'. तो शब्द मला फार खरा वाटतो. मांडणी म्हणजे स्वयंपाकघरातली ती फळ्यांची चौकट, जिच्यावर बाई पितळी डबे उतरंडीनं लावते, तांब्याभांडी घासून पालथी घालते आणि सणाला एकदा सगळी उतरवून पुन्हा लावते. शोकेसचं मूळ शोधत मागं गेलो की पहिल्यांदा ही मांडणीच भेटते.

त्याच्याही मागं जायचं तर जत्रेत जावं लागेल. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावचा खंडोबा. मार्गशीर्षात भरणाऱ्या त्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट येतात, तमाशाचे फड लागतात, आणि या सगळ्या धुळीत कुठंतरी एक पुस्तकवाला पोत्याचं तरटं अंथरून बसलेला असतो. पोथ्या, आरत्या, अभंगांचे गुटके, लावण्यांची चोपडी. मांडायची रीत ठरलेली: देवादिकांची पुस्तकं वरच्या अंगाला, लावण्या खालच्या अंगाला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रत्येक रांगेवर एक दगड. माहूरच्या पायथ्याला हेच, लातुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत हेच. इथं काच नाही, दार नाही. बघणारा उकिडवा बसला की पुस्तक त्याच्या हाताशी.

गावातल्या दुकानाची तऱ्हा याच्या अगदी उलटी होती. जुन्या मोंढ्यातलं काय किंवा लातूरच्या गंजगोलाईतलं काय, दुकान म्हणजे ओटा, ओट्यावर गादी, गादीवर मालक आणि मालकाच्या पाठीशी माल. गिऱ्हाईकानं मागायचं, मालकानं काढून द्यायचं. मीठ-मिरचीला ही पद्धत चालते. पुस्तकाला चालत नाही. नाव ठाऊक असल्याशिवाय मागता येत नाही, आणि बघितल्याशिवाय नाव ठाऊक होत नाही. शिवाय ओट्यावर कुणी चढायचं आणि कुणी खाली उभं राहून बोलायचं, हेही तेव्हा जातीनं ठरलेलं असे. शोकेसनं पहिल्यांदा केलं ते हे की न विचारता बघायची मुभा दिली. रस्ता सगळ्यांचा, आणि रस्त्यावरून दिसतं ते बघायला कुणाची परवानगी लागत नाही. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

ओट्यावरच्या गादीपासून काचेपर्यंतच्या वाटेत एक पायरी फळ्यांची आहे. जुन्या दुकानांना शटर नव्हतं. उंबऱ्याच्या आणि वरच्या चौकटीच्या खाचेत एकेक फळी सरकवून दुकान बंद करत, आणि क्रम चुकू नये म्हणून फळ्यांवर आकडे घातलेले असत. सकाळी त्या काढल्या की ठेवायच्या कुठं? पुस्तकवाल्यानं दोन स्टुलं टाकली, त्यांवर दोन फळ्या आडव्या टाकल्या, वर जुनं धोतर अंथरलं आणि पुस्तकं मांडली. दुकान बंद करायचं लाकूड दिवसा दुकान उघडं करायच्या कामी आलं. वर सुतळी बांधून तिच्यावर मधोमध उघडलेली मासिकं घोडा घातल्यासारखी टांगायची, हीसुद्धा तेव्हाचीच रीत. एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांनी ती शेवटपर्यंत पाळली.

मराठवाड्यात मराठी पुस्तकाचं दुकान उशिरा फुललं, त्याला कारणं आहेत. हैदराबाद संस्थानात राजभाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून. १९२९ सालच्या गश्ती निशाण ५३ नं सभा भरवायलासुद्धा सरकारची आगाऊ परवानगी लागू लागली. पुण्याहून आलेल्या पुस्तकावर किंमत छापलेली कलदार रुपयांत, गिऱ्हाईकाच्या खिशात निजामाचा हाली रुपया. सहा कलदार म्हणजे सात हाली, असा हिशेब करून पुस्तक विकायचं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेनं नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, १९६१ मध्ये लातूरला दयानंद, १९६३ मध्ये नांदेडला यशवंत, १९७० मध्ये लातूरला राजर्षी शाहू. १९६७ हे तर पुस्तकवाल्यांना दुहेरी वर्ष: जानेवारीत बालभारती स्थापन झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. शाळेचं पुस्तक जूनमध्ये दुकान जगवायचं, ग्रंथालयाची खरेदी मार्चमध्ये. या दोन आधारांवर उभा राहिलेला मालक मग कधीतरी सुताराला बोलावून रस्त्याकडेला काच बसवून घ्यायचा.

काच बसली, पण तिच्यात लावायला देखणं पुस्तक हवं. ते काम मुंबईत बसून दोन गोमंतकीय चित्रकारांनी केलं. दीनानाथ दलाल मूळचे मडगावचे, त्यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' काढला. रघुवीर मुळगावकरांची चित्रं तर घराघरांत कॅलेंडरांवरून पोचलेली, आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही त्यांच्याच हातची. १९६७ मध्ये आलेल्या 'मृत्युंजय'चं मुखपृष्ठ दलालांचं. या चित्रकारांनी आमच्या गावातली एकही काच पाहिली नसेल, पण त्यांची चित्रं रस्त्याच्या पलीकडून ओळखू येत. दलालांचा रंग भडक आहे, असं नाक मुरडणारे लोक मला पुढं भेटले. ज्यांनी दलालांचं मुखपृष्ठ भर उन्हात धुळीनं माखलेल्या काचेतून पाहिलं नाही, त्यांना तो रंग का हवा होता हे कळणार नाही. अक्षरांच्या बाबतीत काकांचे गुरू कमल शेडगे. शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं वर्तमानपत्रातून कापून काकांनी एका जुन्या रजिस्टरात खळीनं चिकटवली होती. उस्ताद आणि ते रजिस्टर, एवढंच त्यांचं शिक्षण.

दूरच्या जगात या कामाला मोठी नावं लाभली. 'विझर्ड ऑफ ऑझ' लिहिणारा एल. फ्रँक बॉम आधी शोकेस सजवणाऱ्यांचा पुढारी होता. १८९७ मध्ये त्यानं शिकागोत या धंद्याचं मासिक काढलं, आणि १९०० मध्ये ऑझची गोष्ट व दुकानाच्या खिडक्या कशा सजवाव्यात यावरचं पुस्तक ही दोन्ही त्याच्या नावावर आली. मुलांच्या पुस्तकांचा मोठा चित्रकार मॉरिस सेंडॅक न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या दुकानात खिडक्या लावत होता. १९४५ मध्ये तिथल्याच गोथम बुक मार्ट या पुस्तकांच्या दुकानासाठी मार्सेल द्यूशाँनं आंद्रे ब्रेताँच्या नव्या पुस्तकाची खिडकी सजवली होती: मुंडकं नसलेला बाईचा पुतळा आणि त्याच्या मांडीला नळाची तोटी. ही माहिती मला फार पुढं, कॉलेजात गेल्यावर मिळाली आणि आनंद झाला. पण आमच्या खिडकीचं कूळ तिकडचं नाही. ते भाद्रपदातलं आहे.

मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी उभ्या. मागं साड्यांचा पडदा, पुढं पायऱ्या, पायऱ्यांवर धान्याच्या राशी, बाळं, खेळणी, घरातलं जे जे चांगलं ते सगळं. आणि वर फुलोरा. करंज्या, साटोऱ्या, वेण्या, फण्या, सगळं तळून दोऱ्यात ओवून महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायचं. पंख्याच्या वाऱ्यानं तो फुलोरा मंद हलतो आणि लहान पोरांची नजर वरून ढळत नाही. काकांच्या शोकेसमध्ये मी पहिल्यांदा तंगुसावर टांगलेली पुस्तकं पाहिली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "काका, हा तर फुलोरा!" ते हसले नाहीत. म्हणाले, "मग? आईनं शिकवलंय."

एक शोकेस कशी लागायची ते सांगतो. दिवाळी घेतो, कारण ती वर्षातली मोठी. 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी पुस्तकवाल्याची दिवाळी लक्ष्मीपूजनाच्या आधीच सुरू होते.

पहिल्या रात्री दुकान बंद झाल्यावर सगळं बाहेर. काच आतून-बाहेरून धुवायची, जुना रंग दाढीच्या ब्लेडनं खरवडायचा, मग ओल्या वर्तमानपत्रानं पुसायची. तळाशी नवा घोटीव कागद. पाठीमागच्या भिंतीला मांजरपाट ताणून त्यावर एकच रंग. काका बहुतेक वेळा गडद निळा किंवा मातकट लाल घ्यायचे, पांढरा कधीच नाही, कारण पांढऱ्यावर धूळ आणि माश्यांचे डाग दुसऱ्याच दिवशी दिसतात. पायऱ्या म्हणून गेल्या वर्षीच्या न खपलेल्या गाईडांचे गठ्ठे. त्यांवर कापड. एका पुस्तकाच्या एक-दोनच प्रती आलेल्या असत आणि त्या विकायच्याही असत, म्हणून प्रकाशकानं पाठवलेलं जादा मुखपृष्ठ जुन्या भूगोलाच्या पुस्तकावर घट्ट चढवायचं. आम्हा पोरांना कोणत्या कादंबरीच्या पोटात भूगोल आहे हे ठाऊक असे.

खरी प्रत लावायची तर तिचे कोपरे तपासायचे. नांदेड मनमाड-सिकंदराबाद मीटरगेजवर, म्हणजे पुण्या-मुंबईचं पार्सल मनमाडला उतरून दुसऱ्या गाडीत चढायचं. लातूरचं याहून कठीण. १९११ पासून तिथं बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी, पार्सल कुर्डुवाडीला बदलायचं. हमालांच्या हातून उतरताना-चढताना पुस्तकांचे कोपरे दुमडत. गठ्ठ्याच्या मधली प्रत तेवढी धड असे. ती शोकेसला.

मग तंगूस. मासे धरायचा नायलॉनचा दोरा, गोदावरीच्या काठावर भोयांकडे मिळायचा. पुस्तकाचं मधलं पान उघडून त्यात दोरा घालायचा, दोन्ही टोकं वर छताच्या खिळ्याला. सगळी पुस्तकं एका उंचीवर नाहीत: एक डोळ्यासमोर, एक कपाळाच्या वर, आणि एक मुद्दाम खाली, कमरेइतक्या उंचीवर. मालक विचारायचे, खाली कशाला? काका म्हणायचे, "शाळेची पोरं कुठं बघतील मग?" त्या खालच्या दोऱ्याला 'किशोर'चा अंक असायचा. माझ्या उंचीचा.

मालकांशी भांडण ठरलेलं. मालकांना वाटायचं की काच भाड्याची आहे, तर इंचनइंच भरलीच पाहिजे. काका एक कोपरा रिकामा ठेवायचे आणि तिथं फक्त एक पणती. "तिथं दोन पुस्तकं बसतील," मालक. "बसतील. पण मग एकही दिसणार नाही," काका. हे भांडण मी चार दिवाळ्या ऐकलं. चारही वेळा पणती राहिली.

सगळं लावून झालं की काका चपला घालून रस्ता ओलांडायचे. पलीकडच्या ओट्यावर उभं राहून डोळे बारीक करून बघायचे. उस्ताद त्यांना सांगत, "दूर से देख, मियाँ." पाटीची परीक्षा पाटीजवळ होत नाही. पुन्हा येऊन एक पुस्तक बोटभर डावीकडे, पुन्हा पलीकडे. दुसरा शो सुटून लोक घरी निघायचे तोवर हे चाले.

काचेचा सगळ्यात मोठा वैरी ऊन. पश्चिमेकडे तोंड असलेल्या शोकेसमध्ये दुपारी तीननंतर जे ऊन शिरायचं, ते महिन्याभरात मुखपृष्ठ खाऊन टाकायचं. छपाईच्या शायांत लाल आणि पिवळी आधी उडते, निळी आणि काळी टिकून राहते. त्यामुळं उन्हाळ्याच्या शेवटी काचेतली सगळी माणसं निळी झालेली असत. शिवाजी महाराज निळे, कर्ण निळा, रहस्यकथेवरची बाई निळी. काकांनी मांजरपाटाचा पडदा शिवून आणला होता, तो अडीचला सोडायचा आणि साडेपाचला गुंडाळायचा. मालक विसरायचे. शाळा सुटल्यावर येता-जाता तो गुंडाळायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं, आणि त्याच्या बदल्यात मला आत, ओट्यावर बसून वाचायला मिळू लागलं.

नांदेडला पुस्तकं मांडायची दुसरीही एक रीत होती, ती गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर. सचखंड हुजूर साहिबच्या यात्रेकरूंसाठी असलेल्या दुकानांत गुरुबाणीचे गुटके रुमालात गुंडाळलेले, उंचावर. जमिनीवर पुस्तक ठेवायचं नाही. झाकून ठेवलेलं पुस्तक हीसुद्धा एक मांडणी असते, हे मी तिथं पाहिलं.

तिसरी रीत निळ्या कापडाची. १४ एप्रिलला पुतळ्याजवळ रस्त्याच्या कडेला निळं कापड अंथरून बाबासाहेबांची पुस्तकं मांडली जात. १९७९ मध्ये महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला, त्यानंतर ते जाड खंड मधोमध उभे असत आणि भोवती दोन-तीन रुपयांच्या पुस्तिका. १ ऑगस्टला अण्णा भाऊंच्या जयंतीला 'फकिरा'. इथं काच नव्हती म्हणून काही कमी नव्हतं. उलट काचेपाशी थांबणारी माणसं इथं पुस्तक हातात घेत होती, उलटून बघत होती, शेजाऱ्याला वाचून दाखवत होती. बाजारपेठेतल्या शोकेसमध्ये ही पुस्तकं त्या काळात क्वचित दिसायची. ती खंत मला आजही आहे. न विचारता बघायची मुभा म्हणतो, पण काचेआत काय लावायचं हे मालकच ठरवत होते.

लातूरची काच मी पाहिली ती पुढं, आत्याकडे सुट्टीत जाऊन. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता, जिल्हा झाला १९८२ मध्ये. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. नांदेडचा रस्ता सरळ, माणूस समोरून येतो आणि समोरून जातो. गोलाईत माणूस वळत येतो. त्याला दुकान तिरकं दिसतं. तिथल्या एका दुकानात मी पाहिलं की पुस्तकं काचेला समांतर लावलेलीच नव्हती, सगळी थोडी कोनात, येणाऱ्याच्या तोंडाकडे वळवलेली. ज्यानं ती लावली त्याला मी कधी भेटलो नाही. पण नांदेडला येऊन काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हुशार माणूस आहे." माल घालायला अडतीत आलेला शेतकरी, पट्टी मिळेपर्यंत हातात वेळ असलेला, हा त्या काचेचा गिऱ्हाईक. म्हणून तिथं दर्शनी जागी कादंबरी नाही, सोलापूरचं दाते पंचांग आणि १९७३ नंतर 'कालनिर्णय'. त्यांच्या आडोशानं हळूच एखादं कथांचं पुस्तक.

१९८५ मध्ये नांदेडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष शंकर पाटील. नरहर कुरुंदकर असते तर, असं जो तो म्हणत होता. प्रतिभा निकेतन शाळेत शिकवता शिकवता पुढं पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झालेले कुरुंदकर तीन वर्षांपूर्वी गेले होते. 'श्रीमान योगी'ला त्यांचीच प्रस्तावना, म्हणून संमेलनाच्या आधी दुकानाच्या काचेत ती कादंबरी लावताना काकांनी पहिल्यांदाच पुस्तक उघडं ठेवलं, प्रस्तावनेच्या पानावर. मुखपृष्ठ झाकलं गेलं म्हणून मालक कुरकुरले. काका म्हणाले, "हे पान आपल्या गावचं आहे."

त्या सुमाराला थर्माकोल आला होता. सेलवर तापलेल्या तारेनं तो लोण्यासारखा कापता यायचा. सगळ्या दुकानांच्या काचा एकाएकी पांढऱ्या कमानींनी भरल्या. काकांनी पहिल्या दिवशी त्याच्यावर ऑइलपेंट लावला आणि सकाळी बघतात तर अक्षरं खड्ड्यात गेलेली. रंगातल्या थिनरनं थर्माकोल खाल्ला होता. मग डिस्टेंपरवर आले. पण त्यांचं मन त्यात रमलं नाही. त्यांचं म्हणणं, थर्माकोल इतका पांढरा असतो की त्याच्यापुढं पुस्तकाचा कागद मळका दिसतो. हे त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली २०१८ मध्ये. काचेतून तो त्याच्या बराच आधी गेला होता, आणि त्याच्याबरोबर काचही.

हे कसं झालं याचा दोष एकाच्या माथी मारता येणार नाही. मधल्या काळात मुखपृष्ठं सुधारली, नांदेडचे नयन बाराहाते यांच्यासारखे चित्रकार इथंच राहून मुखपृष्ठं करू लागले. पण ती लावायला काच उरली नाही. नव्वदनंतर लातूर पॅटर्नची कीर्ती झाली आणि दुकानातला माल बदलला. प्रवेशपरीक्षेची जाडजूड पुस्तकं घ्यायला येणारा विद्यार्थी यादी घेऊन येतो. त्याला नाव आधीच ठाऊक असतं. त्याला काच लागत नाही. म्हणजे फिरून गादीवरच्या मालकाचा जमाना आला: मागायचं आणि काढून द्यायचं. पुढं फ्लेक्स आला. चार दिवसांचं काम चार तासांत, तेही फोटोसकट. आज लातूरच्या ट्यूशन एरियात दर्शनी जागा आहे ती गुणवंत मुलांच्या चेहऱ्यांची, पुस्तकांची नाही. त्या मुलांचं कौतुक मलाही आहे. पण दहावीतल्या एखाद्या मुलीला यादीबाहेरचं पुस्तक दिसणार कुठं, हा प्रश्न मी लातुरात गेलो की मनात घेऊन फिरतो. २०२२ मध्ये उदगीरच्या संमेलनातलं ग्रंथप्रदर्शन पाहिलं. पुस्तकं पुष्कळ, गर्दी पुष्कळ, मांडणी सगळ्या गाळ्यांत एकच: पालथी पसरलेली चवड आणि वर सवलतीचा आकडा. एका गाळ्यावर मात्र कुणीतरी तीन पुस्तकं उभी करून मागं इरकली खण लावला होता. तिथं माणसं थांबत होती.

वजिराबादेतलं ते दुकान आता मोबाइलच्या सुट्या भागांचं आहे. काच तीच आहे. तिच्या खालच्या कोपऱ्यात, ब्लेड न पोचलेल्या जागी, एक पिवळा काना अजून शिल्लक आहे. आतून लिहिलेला, म्हणून टिकला.

काका आता ऐंशीच्या पुढं आहेत. हात थरथरतो, ब्रश सोडून वर्षं झाली. गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्यांच्या घरी गेलो. आरास सुना-नातवंडांनी केलेली. फुलोरा सुनेनं ओवला होता, तंगुसात. पायरीवर राशींच्या शेजारी नातीची नवीकोरी पुस्तकं उभी होती, घराच्या छपरासारखी अर्धी उघडून. आम्ही पाटावर बसायच्या आत काका काठी टेकत दाराबाहेर गेले. गल्लीत पलीकडच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले, डोळे बारीक केले, आणि तिथूनच नातीला हाक मारली, "उजवीकडचं पुस्तक खाली घे गं. बारकी पोरं येतील अजून."